मूळउपटी

शनिवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा मा चुलीच्या आडोशात बसून दोन दगडांमध्ये कौखुताचा पाला ठेचत होती. मान वर न करता म्हणाली, "आलीस? आवाजावरूनच ओळखलं. एवढ्या हळू गाडी चालवणारी दोनच माणसं या रस्त्यावर येतात. एक पाद्री, दुसरी तू."

"रस्ता वाईट आहे, मा."

"रस्त्याला नावं ठेवू नकोस. त्याच रस्त्यानं गेलीस म्हणून पुस्तकांची राणी झालीस."

स्प्रिंगबॉक शहराच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं काम करते. माच्या लेखी तिथं बसून मी पुस्तकं राखते, जशी दुसऱ्यांची पोरं शेळ्या राखतात. फरक एवढाच, की शेळ्या दूध तरी देतात, असं ती चारचौघांत सांगायची.

ऑक्टोबर लागला होता, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा संपला होता. डोंगरावरची फुलं सरली होती आणि पूर्वेकडचा गरम वारा सुरू झाला होता. कौखूत याच दिवसांत खुडायचं. हिवाळ्याचा पाऊस पिऊन पानं गुबगुबीत झालेली असतात आणि उन्हाळ्यानं अजून त्यांचा रस ओढलेला नसतो. पंधरा दिवस आधी खुडलं तर पाणचट, पंधरा दिवस उशिरा खुडलं तर नुसता चोथा. ठेचलेला पाला मा पिशवीत भरत होती. आजीच्या काळी कोकराच्या कातड्याची पिशवी असायची, आता मैद्याची जाड प्लास्टिकची. तोंड घट्ट बांधून ती उन्हात ठेवायची. तिसऱ्या दिवशी उघडून चाळवायचं, परत बांधायचं, आठव्या दिवशी पत्र्यावर पसरून वाळवायचं. मग वर्षभर चिमूट चिमूट चघळायचं. दात ठणकला, जीव घाबरा झाला, शेळ्यांमागे दिवसभर उपाशी फिरायचं असलं, की दाढेखाली कौखूत. पोट दुखून रडणाऱ्या तान्ह्या बाळाला मेंढीच्या चरबीत कालवून एक थेंब.

"आठवा दिवस पुढच्या शनिवारी," मा पिशवीची गाठ मारत म्हणाली. "चल, गाढवपाठीवर जाऊन येऊ. तुला मोजायला लावायचंय."

"काय मोजायचं?"

"शाळा शिकलीस ना? मग मोज."

गाढवपाठ म्हणजे आमच्या घरामागचा दक्षिण उतार. आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या उताराला ऊन तिरकं, उसनं आणल्यासारखं मिळतं. खालून पाहिलं तर तिथं काहीच नाही. पांढऱ्या गारगोट्यांचा खच आणि त्यात गुडघ्याएवढी खुरटी कापूसझुडपं. गावातलं कुणीही सांगेल, गाढवपाठ मेली. एकतीस वर्षांपूर्वी मेली.

मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि माझ्यापुढे चालत होती. पहिल्या झुडपापाशी तिनं गुडघे टेकले, दक्षिणेकडच्या फांद्या हातानं वर उचलल्या आणि म्हणाली, "बघ."

सावलीत, गारगोट्यांना चिकटून, तीन रोपं पसरली होती. पानं जाड, ओलसर दिसणारी. अंगावर बारीक काचेचे मणी असावेत तशी चमकत होती. गेल्या वर्षीची पानं वाळून त्यांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, आणि त्या शिरांच्या जाळीत नवी पानं बसली होती. मेलेल्यांनी जिवंतांना उन्हापासून राखायचं, अशी या झाडाची रीत. एका रोपाला उशिराचं एक फूल होतं, फिकट पिवळं, केसांइतक्या बारीक पाकळ्यांचं.

"तांताच्या पदराखाली," मा म्हणाली. कापूसझुडपाला ती तांता म्हणायची. आमच्यात मावशीला, काकूला, कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात तेच. "तांता नसेल तर हे पोर जगत नाही. उघड्यावर लाव, करपतं. पाणी घाल, फुगतं, फुटतं आणि कुजतं. लाड सोसत नाहीत त्याला. थोडी सावली, खाली दगड, वर्षातून चार पाऊस आणि बाकी वेळ कुणी ढुंकून बघायचं नाही. तुझ्यासारखं."

"मा लाड कधी करत होती माझे?" मी म्हणाले. आमच्यात आईला, मावशीला तोंडावर "तू" म्हणत नाहीत, नात्याचं नाव घेऊनच बोलतात.

"म्हणून तर जगलीस."

मी मोजत गेले. कुठं दोन, कुठं पाच, एका झुडपाखाली अकरा. तासाभरात दोनशे चौदा झाली आणि अर्धा उतारही संपला नव्हता. मा दगडावर बसली. खिशातून तिनं कौखुताचं एक सुकं बोंड काढलं, तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं चार थेंब पाणी त्यावर सोडलं. बघता बघता बोंड उघडलं, चांदणीसारखं. आत मोहरीहून बारीक बी.

"वाळलं की परत मिटतं," ती म्हणाली. "पाऊस खरा का थापाड्या, ते आधी तपासतं, मग पोरांना बाहेर सोडतं. मी अशी बोंडं घेऊन यायचे. खोडापासून तीन बोटं सोडून, सावलीच्या बाजूला, गारगोटीखाली सारायची. शंभर सारली की सात-आठ धरतात. सात-आठ पुष्कळ झाली."

"किती वर्षं?"

"बंदी उठल्यापासून."

बंदी हा शब्द आमच्या घरात फारसा निघत नसे.

ते आता सांगायला हवं. मी सोळा वर्षांची होते. वसतिगृहातून सुट्टीला आले होते आणि मैत्रिणीकडून मागून आणलेलं एक जाडजूड पुस्तक सोमवारी परत करायचं होतं. मानं मला पिशव्या देऊन गाढवपाठीवर पाठवलं. कौखूत खुडायचा आमचा नियम सगळ्यांना पाठ असतो. शेंडा घ्यायचा, खाली दोन पेरं ठेवायची, मुळाला हात लावायचा नाही. एक पिशवी भरायला अख्खा दिवस जातो. मला अख्खा दिवस द्यायचा नव्हता. मी मुठीनं धरून उपटत गेले. पावसानं माती भुसभुशीत होती, रोपं मुळांसकट सहज येत होती. अर्ध्या तासात पिशवी भरली, मग आणखी एक भरली, म्हणजे दुसऱ्या दिवशीही जायला नको. उरलेला दिवस मी खडकाआड बसून वाचत काढला. पुस्तक संपलं. फार चांगलं होतं.

मानं पिशव्या उघडल्या, मुळं पाहिली. एवढंच विचारलं, "किती वेळ लागला?"

"तासभर."

तिनं मान हलवली आणि मुळांची माती सुकून झडावी म्हणून सगळं आधी पत्र्यावर पसरलं. टाकून दिला असता तर कुणाला कळलं नसतं, पण खुडलेलं कौखूत टाकणं तिला जमलं नाही. दोन दिवसांनी शेळ्या घेऊन जाणाऱ्या कुणीतरी पत्र्यावर मुळं वाळताना पाहिली. चर्चच्या घंटेखाली माणसं जमली. मूळ उपटणाऱ्याला डोंगर तीन वर्षं बंद, आणि ज्या उतारावर उपटलं तिथं कुणीच खुडायचं नाही, जोवर जाणती माणसं जाऊन बघून येत नाहीत. त्याच आठवड्यात पाद्री माझ्या पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र लिहिणार होता. कुणी उपटलं, असं विचारलं गेलं. मी माच्या मागे उभी होते. मा म्हणाली, "मी."

त्या दिवसापासून ती मूळउपटी हेसी झाली. गावात दोन हेसी होत्या, त्यामुळे नाव सोयीचंही पडलं. जाणती माणसं बघायला कधी गेलीच नाहीत. एकेक करून वारली. लोक पवनचक्कीपलीकडच्या उतारावर खुडायला जाऊ लागले. गाढवपाठ पुन्हा धरतेय, असं मा दोन-तीनदा सांगायला गेली, तेव्हा लोक हसले. मूळउपटी सांगतेय, मुळं कशी लावायची!

आणि मी शिकले, नोकरीला लागले, जगभरची पुस्तकं वाचली. माणसं गुन्हा कबूल करतात अशी तर ढिगानं.

"शुक्रवारी सभा आहे," दगडावर बसलेली मा म्हणाली. "तो फ्रान्समन साहेब येतोय, शेतीखात्याचा. गाढवपाठ यंत्रानं खरवडून काढायची, काळी नळी टाकायची आणि कौखूत ओळीनं लावायचं म्हणे. कोबीसारखं. मी बोलणार आहे."

"ते ऐकणार नाहीत, मा."

"का नाही ऐकणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, उन्हामुळे असेल. का ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मानं इतका वेळ उन्हात बसू नये."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी निखाऱ्यावरचा पाव आणि काळी कॉफी घेऊन मी परत निघाले. ती गाडीपर्यंत आली. टायरला लाथ मारून म्हणाली, "हवा कमी आहे. पुस्तकात दिलेलं नसेल."

सोमवारी सकाळी तांता कोबाचा फोन आला. ही माची धाकटी बहीण. मा चूल पेटवून बसली होती, ती तशीच भिंतीला टेकून राहिली. कॉफीचं पाणी आटून डबा काळा पडला होता. तांता कोबानं एवढं सांगितलं आणि मग म्हणाली, "हळू ये. आता घाई नाही."

मंगळवारी मी पोहोचले. घरात बायका होत्या, त्यांनी सगळं केलं होतं. मला करायला काही उरलं नव्हतं, तेव्हा आडोशापलीकडे उन्हात ठेवलेली पिशवी दिसली. सोमवारी तिसरा दिवस होता. एक दिवस उशीर झाला होता. मी गाठ सोडली. आंबलेल्या सफरचंदासारखा वास आला. हात कोपरापर्यंत आत घालून मी पाला खालीवर केला. तो कोमट होता. परत बांधला, उन्हाकडे बाजू फिरवून ठेवला. त्या आठवड्यात मी तेवढंच एक काम नीट केलं.

शुक्रवारची सभा पुढं ढकलली, कारण शनिवारी माती द्यायची होती. खड्डा खणताना खाली कातळ लागला आणि पुरुषांना पहारी आणाव्या लागल्या. वर गारगोट्या रचल्या. गावच्या समितीचे प्रमुख ऊम टायटस (आमच्यात काकांना ऊम म्हणतात) कबरीपाशी चांगलं बोलले. हेसी कष्टाळू होती, हेसी हसतमुख होती, माणसाच्या हातून चुका होतात, देव त्या पोटात घालतो. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

रविवारी, एक दिवस उशिरा का होईना, मी पाला पत्र्यावर पसरला. तपकिरी झाला होता, दोरखंडाच्या तुकड्यांसारखा. तांता कोबा फाटक ढकलून आली, गालावर हात दाबून.

"चिमूटभर दे. दाढ ठणकतेय."

"अजून वाळलं नाही, तांता."

"माझ्या दाढेला सांग तसं." तिनं पत्र्यावरून एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मुळं नाहीत ना यात?"

मी बघत राहिले. ती हसली, पण नुसत्या तोंडानं.

"चिडू नकोस. एकतीस वर्षं ऐकलंय मी. लग्नात वाढायला उठले, तर मूळउपटीची बहीण. मुलीला सून म्हणून बघायला आले, तर आधी विचारलं, हीच ना ती हेसीची भाची? सख्खी बहीण मी तिची. हजारदा विचारलं, बाई गं, का केलंस? तुला काय घाई होती? सांगायची नाही. म्हणायची, कोबा, तुझी दाढ बघ आधी." तुकडा तिनं दाढेखाली सरकवला. "मेली तरी सांगितलं नाही. मला सुद्धा नाही. त्याचा राग येतो, विल्मी. उपटल्याचा नाही येत."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, वारा पडला होता. पण कोबाला एकटीला सांगणं म्हणजे परत आडोशाआड सांगणं. मा घंटेखाली उभी राहून बोलली होती, सगळ्या गावासमोर. मी म्हणाले, "तांता उद्या सभेला येणार?"

"येणार तर. चहाबरोबर बिस्किटं आहेत म्हणे."

सोमवारी दुपारी चारला चर्चच्या दालनात सभा भरली. उन्हानं पत्रा तडतडत होता. साठेक माणसं असतील. फ्रान्समन साहेब तरुण होता, शर्टाला घामाचे डाग, बोलणं नम्र. भिंतीवर त्यानं मोठा कागद चिकटवला होता. त्यावर गाढवपाठ हिरव्या रेघांनी आखलेली होती.

"उतार सूर्याकडे पाठ करून आहे, म्हणजे पाणी कमी उडेल. धरण जवळ आहे. झुडपं काढली, वरचा दगड खरवडला, की चार हजार रोपं बसतील. ठिबकनं पाणी, थोडं खत. अठरा जणांना काम. आणि तिथं आत्ता काहीच नाही, त्यामुळे नुकसानही नाही."

"अठरा?" मागून कुणीतरी विचारलं. "बायका धरून?"

"बायका धरून."

"मग पुरुष किती, तीन?" हशा पिकला.

मी हात वर केला. ऊम टायटसनी चष्म्यावरून पाहिलं. "विल्मी, पोरी, तू दुःखात आहेस. बसूनच बोल."

मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, त्या उतारावर कौखूत आहे. मी मोजलंय. मागच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी. अर्ध्या उतारात दोनशे चौदा रोपं. झुडपं काढलीत तर ती सगळी जातील, आणि तुमची चार हजारही राहणार नाहीत. त्याला उघडं ऊन सोसत नाही आणि रोजचं पाणी तर मुळीच नाही. दोन महिने छान दिसेल, हिरवंगार. तिसऱ्या महिन्यात हात लावाल तर बोटांत चिखल येईल. बाग करायची तर खालच्या जुन्या गव्हाच्या शेतात करा. ती जमीन एकदा नांगरून मोडलेलीच आहे. आधी तिथं कापूसझुडपं लावा, दोन वर्षं थांबा, मग त्यांच्या दक्षिणेला कौखूत लावा. काम तेवढ्याच माणसांना मिळेल, उलट जास्त."

फ्रान्समन वहीत काहीतरी लिहू लागला. ऊम टायटसनी हात उचलून त्याला थांबवलं.

"दोन वर्षं थांबा म्हणे! पोरी, इथं माणसं आजच्या संध्याकाळची वाट बघतायत." मग मऊ आवाजात, "आणि हे कुणी सांगितलं तुला? झुडपांचं, सावलीचं?"

"मानं. तिनंच लावलं ते. अठ्ठावीस वर्षं बी टाकत होती."

दालनात एक हालचाल झाली, खुर्च्या करकरल्या. मागच्या बाकावरून एक आवाज आला, हळू पण ऐकू जाईल इतका: "मूळउपटीनं बी टाकलं! कोल्हा म्हणे कोंबड्या उबवतो."

थोडे हसले, थोड्यांनी त्याला गप्प केलं. ऊम टायटस म्हणाले, "मेलेल्या माणसाची थट्टा नको. पण विल्मी, खरं तेच बोलू. गाढवपाठ मेली ती हेसीच्या हातानं. तिनं स्वतः इथंच कबूल केलं. मी होतो. नंतर तिला वाटायचं की तिथं परत आलंय. मनाला लागलेलं असतं माणसाच्या, त्याला नको ते दिसतं. तू पोटची पोर, तुलाही दिसणारच. त्यावर गावानं अठरा कामं सोडायची का? हात वर करा रे, ज्यांना..."

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत, ऊम?"

"काय बघायचं? इथून दिसतंय की."

"इथून झुडपं दिसतात. त्यांच्याखाली बघायला गुडघे टेकावे लागतात."

"माझे गुडघे चर्चमध्ये टेकतात, ते पुरे." आता मात्र सगळेच हसले. फ्रान्समनसुद्धा, कागदात बघून.

तांता कोबा पुढच्या बाकावर होती. ती वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बस खाली. झाकायला आलीस, अजून उघडं पाडशील तिला."

माझ्या लक्षात आलं, की मी आकडे सांगू शकते, सावली सांगू शकते, वाचलेलं सगळं सांगू शकते. त्याचा उपयोग नाही. गाढवपाठीबद्दल जे कुणाला ठाऊक होतं ते एकाच बाईकडून आलेलं होतं, आणि त्या बाईचा शब्द या दालनात चालत नव्हता. तो ज्या कारणानं चालत नव्हता ते खोटं आहे, हे जिवंत माणसांपैकी मला एकटीला माहीत होतं. आणखी एक लक्षात आलं, आणि ते इतकं साधं होतं की लाज वाटली. बोलले तर डोंगर मलाच बंद होणार होता. यंदाची बोंडं अजून पिकायची होती. ती कुणीतरी पावसाआधी गारगोट्यांखाली सारायला हवी होती, आणि कशी सारायची ते मला ठाऊक होतं. त्या उतारावर जाऊन बसणं, एवढंच आईचं माझ्याजवळ उरलं होतं. तेही जाणार होतं. म्हणजे आजही, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी माझ्या सोयीचंच बघत होते.

"हात वर," ऊम टायटस म्हणाले.

हात वर जाऊ लागले. मी बाकांमधून चालत पुढं गेले आणि भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिले, हिरव्या रेघांना पाठ करून.

"हात खाली घ्या," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. वाचनालयात मी एकवीस वर्षं कुजबुजत आले आहे. "ऊम, तुम्ही त्या दिवशी घंटेखाली होतात. मग आठवत असेल. तुम्हीच विचारलंत, कुणी उपटलं. माझी आई पुढं होती. तिच्या मागे कोण होतं?"

ऊम टायटस तांता कोबाकडे बघू लागले.

"मी होते. हातात पुस्तक होतं. माझ्या नखांत माती होती आणि आईच्या नखांत नव्हती. कुणी बघितलं नाही. तुम्ही तेव्हाही इथूनच बघत होतात."

"विल्मी," तांता कोबा म्हणाली. फक्त नाव.

"मुळं मी उपटली, तांता. दोन पिशव्या, दुपारच्या आत. घाई मला होती, मला वाचत बसायचं होतं. तांतानं हजारदा विचारलं ना तिला, का केलंस म्हणून? तिच्याकडे उत्तरच नव्हतं. तिनं केलंच नव्हतं. तिनं जन्मात एक मूळ उपटलं नाही. शेंडा घ्यायचा, दोन पेरं ठेवायची, मरेपर्यंत तसंच. माझं शिफारसपत्र हुकू नये म्हणून ती 'मी' म्हणाली, आणि मी तिला म्हणू दिलं. त्या दिवशीही, आणि त्यानंतर एकतीस वर्षं. तुम्ही तिला त्या नावानं हाक मारायचात, तेव्हा मी शेजारी उभी राहून कॉफी पीत असायचे."

पत्रा तडतडत होता. मागच्या बाकावरचा तो माणूस छतावरच्या पत्र्याकडे बघू लागला.

ऊम टायटसनी चष्मा काढला. "पोरी, हे आत्ता... आईच्या मायेपोटी तू..."

"मायेपोटी खोटं ती बोलली. मी बोलत नाही. नियम काय आहे, ऊम? सांगा सगळ्यांना. उपटणाऱ्याला डोंगर किती वर्षं बंद?"

"तीन."

"मग आजपासून मोजा. मी गाढवपाठीवर पाय ठेवणार नाही. पण नियमाचा दुसरा भागही आहे, तो तुम्ही तेव्हापासून पाळलेला नाही. जाणत्या माणसांनी जाऊन बघायचं. आज जाणते तुम्ही आहात. उद्या सकाळी जा. साहेबांनाही न्या. दक्षिणेच्या बाजूनं फांद्या उचला आणि मोजा. दोनशे चौदाला एक जरी कमी भरलं, तर आणा यंत्र, मी स्वतः वाट दाखवीन. आणि भरलं, तर त्या उतारावर यंत्र चढणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्यांची बोंडं गोळा करून बी लावायचं, कारण मला आता जाता येणार नाही."

हात खाली होते. वर नव्हते एवढं नक्की.

तांता कोबा उठून माझ्यापाशी आली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. तिनं माझं मनगट धरलं, जोरात, दुखेल इतकं, आणि म्हणाली, "बस आता. झालं बोलून."

"नाही बसत, तांता," मी म्हणाले आणि मागच्या बाकांकडे तोंड केलं. "तिकडे ऐकू आलं नसेल, म्हणून परत सांगते. मूळउपटी हेसी नव्हती. मूळउपटी मी आहे."